उजवा मडगार्ड आणि बाकीची मालमत्ता

विन्योला, ता. ९ नोव्हेंबर २०१४

मी एर्मेस बर्गोन्झिनी, कै. आर्तेमियो यांचा धाकटा मुलगा, वय वर्षे ऐंशी, धंदा मोटारींचं पत्रेकाम (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार नदीकडच्या रस्त्यावरचं पिवळं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. चौथीत आर्जिया बाईंनी पाठ करून घेतलेली तळ्यात बुडालेल्या गावाची कविता आज सकाळी मी नोटरी बाईंना एकही ओळ न गाळता म्हणून दाखवली. याहून चांगला दाखला कुठल्याही डॉक्टरकडे मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "पुरे, बर्गोन्झिनी, पटलं मला." मी म्हणालो, "अजून दोन कडवी आहेत." त्यांनी तीही ऐकली. चांगल्या घरची बाई.

माझ्यावर कोणाचा दाब नाही. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही, आणि लिहिल्याचं कोणी दाखवलंच तर ते माझं नव्हे असं समजावं. कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, माझं हस्ताक्षर पुरतं, असं नोटरी बाईंनी सांगितलं. तरी मी खाली दोघांच्या सह्या घेणार आहे. माणसाने एवढं मोठं काम एकट्याने करू नये.

कलम १. घर. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. थोरला भाऊ कै. नेल्लो याचा मुलगा इव्हानो हा माझा एकुलता वारस. घराच्या खालच्या मजल्यावर मी राहतो. वरच्या मजल्यावर नेल्लोची बायको, माझी वहिनी मफाल्दा, लग्न करून आली तेव्हापासून राहिली आणि गेल्या एप्रिलमध्ये चेरीला फुलं आलेली असताना गेली. इतकी वर्षं तिच्या पावलांचा आवाज माझ्या छतावर होता. आता नाही. लग्न का केलं नाही असं मला विचारणारे बहुतेक सगळे मरून गेलेत, उरलेल्यांनी विचारू नये. घर, बाग, तळघरातली व्हिनेगारची पिंपं, सगळं इव्हानोचं. पिंपांचा तळ दिसू देऊ नये. ती माझ्या आजीच्या लग्नात आलेली आहेत. वरच्या मजल्याची बागेकडची खिडकी बुजवू नये.

कलम २. शेजारी ओदोने कावाझ्झुती. यांच्या अंगणात झुकलेल्या माझ्या चेरीच्या फांदीवरून आमचं भांडण आहे. "झाड तुझं असेल एर्मेस, पण सावली माझ्या अंगणात पडते, तिचं भाडं म्हणून खातो," असं ते दर जूनमध्ये तोंडात बी घोळवत सांगतात. ती फांदी मी त्यांना देत आहे. फांदीच, बुंधा नाही. आता हक्काने खा म्हणावं, आणि चोरून खाल्लेल्या चेरीची चव शोधत बसा.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते गावच्या प्राथमिक शाळेला. त्यातून कवितेची पुस्तकं घ्यावीत आणि मुलांकडून कविता पाठ करून घ्याव्यात. समजल्या नाहीत तरी चालेल. मला ती तळ्यातल्या गावाची कविता समजायला पन्नास वर्षं लागली. तिच्यात बुडालेल्या देवळाची घंटा वाजत राहते, आणि ती ऐकू येते फक्त ज्यांचं कोणी पाण्याखाली आहे त्यांना. चौथीत वाटायचं, असं कसं होईल?

कलम ४. हत्यारं. माझे हातोडे, वाळूच्या पिशव्या, पत्रा गुळगुळीत करायचे लोखंडी ठोकळे आणि एल्म झाडाचा तो ओंडका, ज्याच्या खळग्यात ठेवून बाबांनी, नेल्लोने आणि मी पत्रा फुगवला, हे सगळं इव्हानोच्या वर्कशॉपमध्ये आहेच, तिथेच राहावं. यात नेल्लोचे हातोडे नाहीत. ते पानारो नदीत आहेत. का, ते पुढे येईल.

कलम ५. कुत्रा. वर्कशॉपमधला बिजो आता म्हातारा झाला आहे, त्याला इव्हानोचा कामगार द्रिस याने सांभाळावं. दोघांचं जमतं. त्याचं पाण्याचं निळं भांडं बदलू नये. आधीचं भांडं मी काढून का घेतलं, तेही पुढे येईल.

कलम ६. गाडी.

नोटरी बाई म्हणाल्या, "गाडीचा नंबर लिहा, मेक लिहा, कोणाला देता ते लिहा, झालं." मी प्रयत्न केला. तीन ओळींत बसेना.

सन १९५४ची स्कानावी, दोन आसनी, उघडी, शर्यतीची. रेज्जोच्या या छोट्या कंपनीने असे तीनच सांगाडे केले आणि मग दिवाळं काढलं. इंजिन आणि चाकं त्यांची, अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आमचा. आमच्याकडे तेव्हा नकाशे नव्हते. तारेचा सांगाडा, डोळा आणि हात. शर्यत तोंडावर असली की गाडीच्या दोन बाजू दोन माणसं एकाच वेळी ठोकायची. त्यामुळे त्या काळच्या आमच्या भागातल्या कुठल्याच गाडीच्या दोन बाजू सारख्या नसतात, जशा माणसाच्या चेहऱ्याच्या नसतात. पाठीमागून येणारा माणूस पावलांवरून ओळखावा तसं कोणती बाजू कोणी केली ते आम्ही ओळखायचो.

या गाडीची डावी बाजू बाबांची. उजवी नेल्लोची. बोनेट आणि शेपूट माझं.

नेल्लो डावखुरा. मी हातोड्याला लय मिळावी म्हणून कविता म्हणायचो, आणि त्याला एकही कधी पाठ झाली नाही, कडव्याच्या शेवटी तो ओरडायचा, "पुढे काय रे? तुझी घंटा वाजली का नाही अजून?" पत्रा बसला, बाबा समोर उभे राहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाले,

"नेल्लो, या गाडीची उजवी दाढ दुखतेय का?"

उजवा पुढचा मडगार्ड, चाकाच्या बरोबर वर, बोटभर उंच होता.

"राहू दे बाबा, मुद्दाम केलंय."

"सूज मुद्दाम येत नाही. खाली बसव."

"नाही बसवणार."

"माझ्या छपराखाली?"

"मग अंगणात नेऊन ठेवतो. तिथे छप्पर नाही."

बाबांनी जेवणाच्या टेबलावर महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी मला सांगायचे, "तुझ्या भावाला म्हणावं मीठ दे." शर्यत तोंडावर आलेली, गाडी तशीच रंगवून गेली. पहिले मालक मोदेनाचे औषधवाले, डॉक्टर रान्गोनी. दर रविवारी घाटांच्या शर्यतीत ती पळवायचे, कधी जिंकायचे नाहीत, पण गाणं म्हणत परत यायचे.

फेब्रुवारी १९५६. नेल्लो वर्कशॉपमधून सायकलवर घरी येत होता. त्या दिवशी असं धुकं होतं की हँडलवरचा हात दिसत नव्हता. ट्रकवाल्याला तो दिसला नाही. ट्रकवाला आयुष्यभर दर वर्षी फुलं घेऊन येत राहिला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे इथे नमूद करतो. मफाल्दा तेव्हा पोटुशी होती. इव्हानो एप्रिलमध्ये झाला.

डॉक्टर रान्गोनी भेटायला आले. टोपी हातात घेऊन बाबांना म्हणाले, "आर्तेमियो, तुमच्या मुलाला मला एक सांगायचं राहून गेलं. गाडीत मी उजवीकडे बसतो. डावं चाक कुठे आहे हे मला लक्षात ठेवावं लागतं. उजवं मला दिसतं. वळणावर मान उचलावी न लागता नुसतं समोर बघून दिसतं. असं कोणी केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही."

डॉक्टर गेले. बाबा उठले, नेल्लोचे हातोडे पोत्यात भरले, पुलावर गेले आणि पोतं पानारोत सोडलं. ते हातोडे कोणी दुसऱ्याने उचललेले त्यांना बघवणार नव्हते. त्यानंतर नेल्लोच्या हाताचं असं आमच्याकडे काही उरलं नाही. होती ती एक गाडी, आणि ती दुसऱ्याची.

पुढे डॉक्टरांनी ती जावयाला दिली. जावयाने मांतोव्हाकडच्या एका खरबूजवाल्याला विकली. खरबूजवाल्याने तिला हिरवा रंग फासला, शेजारचं आसन काढून तिथे खरबुजं भरली, आणि एका खांबाला उजवी बाजू घासून आणली. त्यावर पुट्टी थापली. मग इंजिन गेलं आणि गाडीही गेली, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं. मी ऐकलेल्या प्रत्येक हिरव्या गाडीमागे गेलो. मफाल्दा वरून विचारायची, "मिळाली?" मी खालून म्हणायचो, "नाही. ती दुसरीच निघाली."

सन १९८४मध्ये पो नदीच्या सखल भागात सिन्योरा देसोलिना नावाच्या बाईंच्या गवताच्या कोठारात मी एका गाडीवर हात ठेवला. अंधार होता, वर कोंबड्यांची विष्ठा होती. डोळे मिटले आणि उजव्या मडगार्डवरून तळवा फिरवला. पुट्टीखाली, चाकाच्या बरोबर वर, तो उंचवटा होता. मी तिथेच गवतावर बसलो.

"बरं वाटत नाही का?" बाई म्हणाल्या.

"गाडी मला हवी आहे."

"आज नाही मिळणार. आत कोंबडी बसलीय."

"कोंबडी उचलून बाजूला ठेवू."

"अहो, अंड्यांवर बसलीय! तुम्हाला कोणी बाळंतपणात उचलून बाजूला ठेवलं तर? पिल्लं निघू देत, मग या. गाडी कुठे पळतेय? इंजिन तरी आहे का तिला?"

पिल्लं निघाली. गाडी घरी आली. त्या रविवारी चर्चमधून परतल्यावर मफाल्दा खाली गॅरेजमध्ये आली, स्टूल ओढलं, हातमोजा काढला आणि उजव्या मडगार्डवर तळवा ठेवून बसली. पुढे दर रविवारी तशी बसायची. मी बाहेर वाफ्यात काहीतरी काम काढायचो. मी गाडीचं सगळं हळूहळू केलं, इंजिन शोधून आणलं, चाकं आणली, पण उजव्या बाजूला फक्त रंग आणि पुट्टी काढण्यापुरता हात लावला.

कलम ७. इथून पुढे मी इव्हानोला 'तू' म्हणणार आहे. नोटरी बाईंनी माफ करावं.

इव्हानो, तुला आम्ही हे कधी सांगितलं नाही. लपवलंही नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असतं असं वाटतं ते कोणी कोणाला सांगत नाही. मला वाटायचं आईने सांगितलं असेल, तिला वाटायचं मी. लहानपणी तू विचारायचास, "काका, बाबा कसे होते?" मी म्हणायचो, "चांगले होते." तू विचारायचास, "पण म्हणजे कसे?" मी कविता म्हणणारा माणूस, पण याला माझ्याकडे शब्द नव्हते.

आठ वर्षांपूर्वीच्या थंडीत मी छातीच्या दुखण्याने इस्पितळात होतो. तू सगळी परदेशी गिऱ्हाइकं बाजूला ठेवलीस आणि मी घरी यायच्या आत माझी गाडी पुरी करायला घेतलीस. परत आलो तेव्हा टेबलावर गरम तिजेल्ले रोट्या, मोर्तादेल्ला मांसाचे काप, लाम्ब्रुस्को वाइन असं सगळं मांडलं होतं, तुझी सगळी माणसं ओळीत उभी होती.

"डोळे मिटा काका."

मी मिटले. डोळे मिटले की माझा हात सवयीने त्याच जागी जातो. तू चादर ओढलीस आणि मी तळवा ठेवला. तिथे काही नव्हतं. पत्रा होता. गार, सपाट, निर्दोष.

"उजवी बाजू कोणत्यातरी खेडवळ टिनवाल्याने ठोकली होती काका, अपघातानंतर. थोडाथोडका नाही, बोटभर फरक! संगणकावर डावी बाजू मोजली, उलटी केली, नवा पत्रा तसाच्या तसा ठोकला. मी स्वतः. कोणाला हात लावू दिला नाही. आता आरशात बघितल्यासारखी आहे." तुझा चेहरा लहानपणी चर्चमधल्या पहिल्या पवित्र प्रसादाच्या दिवशी होता तसा झाला होता. "बोला ना काहीतरी!"

"सुंदर झालीय," मी म्हणालो, आणि रडलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू मला मिठी मारलीस.

पोरा, त्यात तुझी काही चूक नाही. दोन बाजू दोन हातांच्या असतात हे तू जाणत होतास, पण एवढा फरक हाताचा नसतो, धडकेचा असतो, असं कोणीही चांगला कारागीर म्हणाला असता. मीही म्हणालो असतो. पुढे तळ्याकाठच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांनी दोन्ही बाजूंच्या अचूक सारखेपणाबद्दल तिला चांदीचा कप दिला. तो कप मी त्या परीक्षकमहाशयांनाच परत देतो. त्यात भोपळ्याच्या बिया चांगल्या वाळतात.

त्या रविवारी तुझी आई खाली आली. हातमोजा काढला. तळवा ठेवला. नेहमीएवढा वेळ बसली, मग मोजा परत चढवला.

"स्टूल आत ठेव एर्मेस. आता लागणार नाही."

मी जिन्यापर्यंत तिच्या मागे गेलो. "मफाल्दा, पोराला सांगायला हवं."

"नाही."

"त्याला कळायला हवं की ते..."

"तो जन्मभर बाप शोधतोय," ती म्हणाली. "तू त्याला काय सांगणार? की सापडला होता, आणि तू कापून काढलास?"

ती एक पायरी चढली.

"मी आहे तोवर नाही," ती म्हणाली. "शपथ घे." मी घेतली. छतावर तिची पावलं त्या दिवशी खूप वेळ चालत होती.

दुसऱ्या दिवशी मी कापलेला पत्रा शोधायला वर्कशॉपच्या मागे गेलो. भंगार उचलून नेलेलं होतं. मी परत फिरलो, तर बिजो पाणी पीत होता. पाणी एका वाकड्या पत्र्यात होतं. द्रिसने मडगार्डचा वरचा भाग उलटा करून कुत्र्यापुढे ठेवला होता, कारण त्याच्या फुगवट्यात पाणी छान साठायचं. मी पाणी ओतून दिलं. आतून हातोड्याच्या खुणा उजवीकडून डावीकडे तिरक्या होत्या, डावखुऱ्या हाताच्या. बिजो माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी निळं भांडं आणून दिलं.

तो तुकडा माझ्या पलंगाखाली, माझ्या आईच्या लोकरी शालीत आहे. हातभर लांब आहे. तुझ्या आईलाही मी तो दाखवला नाही; एकदा निरोप घेतलेल्या माणसाला परत बोलावू नये असं वाटलं. तो मी तुला देत आहे.

कलम ८. गाडी इव्हानोची. ठेव, विक, पळव. तुकडा गाडीत पुन्हा बसवायचा की नाही हे तुझं तू ठरव. त्यासाठी तुला तुझ्या स्वतःच्या हाताचं काम कापावं लागेल, आणि तुझा हातही डावखुरा आहे. नाही बसवलास तर मी रागावणार नाही. फक्त तो विकू नकोस, आणि मिळवलेल्या कपांच्या कपाटात ठेवू नकोस.

माझ्या अंत्ययात्रेत बँड नको, भाषण नको. आर्जिया बाईंची कविता कोणाला येत असेल तर म्हणावी; नसेल येत तर कावाझ्झुतींनी गप्प बसावं. मला नेल्लो आणि मफाल्दाच्या शेजारी, पण पायाच्या बाजूला ठेवावं. त्यांच्या मध्ये नको.

कलम ९. आणि शेवटचं.

शपथ तुझ्या आईबरोबर संपली. तरी सांगावं की नाही हे मला कळत नव्हतं; तिचं म्हणणं मला अजूनही खोटं वाटत नाही. मग या सप्टेंबरमध्ये तू मला गाडीतून झोक्काकडच्या डोंगरात नेलंस. चेस्टनटची झाडं पिवळी पडायला लागली होती. प्रत्येक उजव्या वळणावर तू आसनातून किंचित उठत होतास आणि मान लांब करत होतास.

"मान अवघडली का रे?" मी विचारलं.

"नाही हो काका. या गाडीत एवढीच एक खोड आहे. उजवं चाक कुठे आहे ते दिसतच नाही. दर वळणाला उठून बघावं लागतं." मग हसून म्हणालास, "बनवणाऱ्याने चालवणाऱ्याचा विचार केला नाही."

मी बाहेर झाडांकडे तोंड केलं. घरी येऊन कागद काढला.

केला होता, इव्हानो. आपल्या बापाचा महिनाभराचा अबोला सोसून, ज्याला तो ओळखतही नव्हता अशा चालवणाऱ्यासाठी, पत्रा बोटभर वर उचलला होता, म्हणजे त्याला मान उचलावी लागू नये. कोणाला कारणही सांगितलं नाही.

बाबा कसे होते, असं तू विचारायचास. असे होते.

सही: एर्मेस बर्गोन्झिनी
वरील सर्व मजकूर माझ्या हाताचा आहे. सातव्या कलमातला शाईचा डागही माझाच आहे, त्याला खाडाखोड समजू नये.

साक्षीदार (यांनी सही करताना पाहिलं, मजकूर वाचलेला नाही):
१. द्रिस बेनहादू, पत्रेकाम कारागीर, राहणार विन्योला
२. ओदोने कावाझ्झुती, निवृत्त पोस्टमन, शेजारी. यांनी सही करण्यापूर्वी "चेरीबद्दल काही लिहिलंयस का?" असं विचारलं. लिहिलं आहे, असं सांगितलं.

ठिकाण: विन्योला, खालचा मजला. वर कोणी नाही.